समुद्रावरचा रिकामा दिवस



आपल्या मराठीत ‘नांगर’ हा एकच शब्द दोन वस्तूंना आहे. एक नांगर तुमच्या घरी आहे. तो जमिनीत रोवला की काम सुरू होते. दुसरा नांगर जहाजावर असतो. तो पाण्यात सोडला की जहाज थांबते आणि खलाशी दम खातो. एक नांगर कामाचा, दुसरा विसाव्याचा. आपल्या घरात पहिला पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसऱ्याची आपल्याला ओळखच नाही. आज मी तुम्हांला शेतीबाहेरची एक गोष्ट सांगणार आहे. पण ती ऐकून झाल्यावर ती शेतीबाहेरची नव्हती, असे तुम्हीच म्हणाल.

गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघे जण मोठ्या सहलीच्या जहाजावरून मुंबईहून लक्षद्वीपच्या बाजूला गेलो. मी, माझी पत्नी, माझे थोरले बंधू आणि वहिनी. बंधू गावी शेती करतात. बारा एकर जमीन, त्यातली बरीचशी कोरडवाहू, दावणीला दुधाच्या दोन गाई आणि एक कालवड. तिकिटे मुंबईला नोकरीत असलेल्या पुतण्याने काढली होती. दादाला किंमत कळली तेव्हा तो म्हणाला, “एवढ्या पैशात एक गाभण गाय दावणीला आली असती.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण तिकीट परत होत नव्हते, म्हणून तो निघाला.

वहिनींचा प्रश्न वेगळाच होता. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी येईन. पण धार कोण काढणार ते आधी सांगा.”

आधी दावणीची सोय

तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या घरी जात-येत आहे. घरातल्या बाईला सहलीला नेणे म्हणजे तिकीट काढणे नव्हे, हे मला ठाऊक होते. माहेरचे लग्न, बाळंतपण किंवा मयत यांखेरीज वहिनी चार दिवस घराबाहेर राहिल्या, असे कधी झाले नव्हते. शेवटी शेजारच्या काकूंशी सावड ठरली. चार दिवस त्या आपल्या गाईंची धार काढतील. पुढे त्यांना कुठे जायचे असेल तेव्हा वहिनी त्यांच्या म्हशी सांभाळतील. पैशाचा व्यवहार नाही.

अनोळखी हाताला गाय पान्हा चोरते, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून काकू आमच्या आधीच्या आठवड्यातच गोठ्यात येऊ लागल्या. पहिले दोन दिवस नुसत्या उभ्या राहिल्या, मग वहिनींच्या शेजारी बसून त्यांनी धार काढली. कोणत्या गाईला किती पेंड, कोणती लाथ झाडते, वैरण कोणत्या ढिगातली आधी घालायची, हे सगळे पुतणीने खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवले. ज्वारीची काढणी-मळणी उरकली होती. तेव्हा कुठे आम्ही निघालो.

जहाज सुटते

जहाज तसे मध्यम म्हणायचे. तरी धक्क्यावरून वर पाहिले तर दहा-अकरा मजल्यांची चाळ पाण्यावर उभी आहे असे वाटे. याहून कितीतरी मोठी जहाजे आज जगात आहेत. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतील मायामी बंदरातून पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे आणि त्यावर साडेसात हजारांपर्यंत उतारू मावतात. म्हणजे तालुक्यातले एक मोठे गाव झाले.

जहाजावर चढल्यावर पहिले काम खाण्याचे नसते, कवायतीचे असते. भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जायचे, तरंगण्याचे जाकीट कसे बांधायचे ते पाहायचे आणि आपली होडी कोणती ते लक्षात ठेवायचे. काही उतारूंना याचा कंटाळा येतो. तुम्ही मात्र मन लावून पाहा. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे सहलीचे जहाज खडकाला घासून कलंडले आणि 32 माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत तेव्हा व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ही कवायत झालीच पाहिजे.

आपल्या किनाऱ्यालाही ही आठवण आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कुलाबा जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी तो दिवस पुढे पिढीभर विसरला नाही. कवायत चालली असता दादाने मला हीच गोष्ट विचारली. लहानपणी आजोबांकडून त्याने ती ऐकली होती. मग त्याने जाकिटाचा पट्टा पुन्हा एकदा सोडून बांधून पाहिला.

संध्याकाळी जहाज सुटले. मुंबईचे दिवे मागे पडले. तासा-दीड तासात मोबाइलची रेघही गेली.

साडेचार वाजता जाग

दुसरा दिवस पूर्णपणे समुद्रावरचा. मुंबईपासून लक्षद्वीपची बेटे साधारण नऊशे किलोमीटर. जहाज ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने चालते, म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षा हळू. त्यामुळे मधला एक अख्खा दिवस कुठेही उतरायचे नसते, कुठेही पोहोचायचे नसते. त्या दिवसाचीच ही गोष्ट.

वहिनींना नेहमीप्रमाणे पहाटे साडेचारला जाग आली. चूल नाही, अंगण नाही, गोठा नाही. त्यांनी अंथरुणाच्या घड्या घातल्या, मोरी पुसली, दादाची पिशवी आवरली. पाच वाजता करण्यासारखे काही उरले नाही. मी सहाच्या सुमारास वरच्या गच्चीवर गेलो तेव्हा त्या कठड्याशी एकट्या बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “भाऊजी, दिवस उजाडायला आला अन् मी हातावर हात ठेवून बसलेय. पाप केल्यासारखं वाटतंय बघा.”

जहाज दक्षिणेकडे चालले होते, म्हणून सूर्य डाव्या हाताला उगवला. किनारा कुठेच दिसत नव्हता. झाड नाही, डोंगर नाही. पाण्यातूनच तांबडा गोळा वर आला. वहिनींनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

पाणी मात्र पाहण्यासारखे होते. मुंबईच्या आसपास समुद्र गढूळ, राखी रंगाचा असतो. नद्या आणि खाड्या आपल्याबरोबर गाळ आणून तिथे टाकतात. आत गेल्यावर तो गाळ खाली बसलेला असतो आणि पाणी गर्द निळे दिसते. दौतीतल्या शाईसारखे. दादा ते पाहत उभा राहिला. मी त्याला म्हटले, “किनाऱ्याचं ते गढूळ पाणी म्हणजे कुणाच्या तरी शेतातली माती आहे.” तो म्हणाला, “म्हणजे आपल्या ताली नीट असत्या, तर समुद्र अजून निळा झाला असता म्हण की.” बांधबंदिस्तीवर मी कितीतरी सभांत बोललो आहे, पण इतके थोडक्यात मला कधी जमले नाही.

थोड्या वेळाने जहाजाच्या पुढच्या बाजूने मूठभर चकाकते मासे पाण्यातून उसळले आणि टिटवीसारखे पाण्यालगत उडत दूर जाऊन पडले. हे उडणारे मासे. त्यांना पंख नसतात, छातीजवळचे परच रुंद असतात. त्यांवर ते तरंगत जातात.

पाण्याचा हिशेब

न्याहारीनंतर वहिनींनी विचारले, “एवढी माणसं अंघोळी करतात, एवढी धुणी-भांडी होतात. हे पाणी आणतात कुठून?” प्रश्न मोलाचा होता. चारी बाजूंना पाणी, पण त्यातले एक तांब्याभर प्यायचे नाही आणि पिकालाही घालायचे नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे मीठ. विहिरीचे पाणी मचूळ झाले तर तुमची द्राक्षे पाने जाळतात. समुद्राचे पाणी त्याच्या कितीतरी पट खारे.

बंदरात जहाज काही गोडे पाणी भरून घेते. बाकीचे वाटेत तयार करते. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली वाफेची. उंच डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी कमी उष्णतेलाच उकळते. जहाजावर बंद टाकीतील हवा ओढून घेऊन हाच दाब खूप खाली आणतात. मग समुद्राचे पाणी चाळीस-पन्नास अंशांना उकळू लागते. एवढी ऊब इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात आयती असते. म्हणजे जी उष्णता वाया जायची तिच्यावर पाणी गोड करून घ्यायचे. दुसरी रीत जोराचा दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलण्याची. अनेक घरांत आता जे आर.ओ. यंत्र भिंतीवर असते, त्याचाच हा मोठा भाऊ.

आम्ही चाललो होतो त्या लक्षद्वीपातही पाण्याची हीच अडचण आहे. 36 बेटे मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर, नदी एकही नाही. तिथल्या कवरत्ती बेटावर 2005 मध्ये आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी एक प्रकल्प उभा केला. समुद्राचे वरचे पाणी ऊबदार असते आणि साडेतीनशे मीटर खोलीवरचे थंडगार. वरच्या पाण्याची कमी दाबात वाफ करायची आणि खालच्या पाण्याने ती थंड करून गोडे पाणी मिळवायचे. दिवसाला 1 लाख लिटर पाण्याची त्याची क्षमता होती.

जहाजावर एक माणूस दिवसाला दोनशे लिटरच्या वर पाणी सहज वापरतो. आपल्या खेड्यात जलजीवन योजनेत माणशी 55 लिटरचे माप धरले आहे. आकडा ऐकून दादाने तोंडात बोट घातले. पण एक गोष्ट घेण्यासारखीही होती. तिथले संडास हवेच्या ओढीने साफ होतात, एका वेळेला लिटर-सव्वा लिटर पाणी पुरते. सांडपाण्यासाठी जहाजावर शुद्ध करण्याची यंत्रे असतात. वहिनी म्हणाल्या, “आमच्या मोरीचं पाणी केळीला जातं. इथं केळ कुठे लावणार म्हणा.” मी त्यांना सांगितले की तुमची केळ हे त्या यंत्राहून स्वस्तातले उत्तर आहे. परसात केळ किंवा शोषखड्डा ज्यांनी केला नसेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ताटातले अन्न

जेवण तिकिटातच असते. लांबलचक टेबलांवर पदार्थ मांडलेले, हवे ते वाढून घ्यायचे. वरण-भात, पोळी, दोन-तीन भाज्या होत्या, त्यामुळे आपल्या माणसाची अडचण होत नाही. शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारून घ्यावे.

वहिनींना एका गोष्टीचे फार लागले. लोक ताटे भरभरून घेत आणि निम्मे तसेच टाकून उठत. त्या दोन वेळा आपले जेवण थांबवून त्या ताटांकडे पाहत राहिल्या. उरलेले अन्न जहाजावर यंत्रात बारीक दळतात. दळलेले अन्न किनाऱ्यापासून निदान 3 सागरी मैल दूर गेल्याशिवाय समुद्रात सोडता येत नाही, न दळलेले 12 मैलांच्या आत नाही. एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. प्लास्टिक तर जगातल्या कोणत्याही समुद्रात टाकायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम 1988 च्या अखेरीपासून आहे. ते साठवून बंदरात उतरवावे लागते. आपल्या ओढ्या-नाल्यांत खतांच्या आणि औषधांच्या किती पिशव्या अडकलेल्या असतात, ते आठवून पाहा.

पण आणखी एक गोष्ट घडली. ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. दुपारी वहिनींच्या पुढे ताट आले. पोळी गरम होती. त्यांनी सवयीने आजूबाजूला पाहिले, सगळ्यांना वाढले आहे ना ते पाहिले. दादा म्हणाला, “अगं, जेव की.” त्या जेवू लागल्या. थोड्या वेळाने माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, “सगळ्यांच्या बरोबर बसून गरम पोळी खाल्ली, असं लग्न झाल्यापासून किती वेळा झालं असेल गं?” पत्नी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. माझ्याच घरी वेगळे काय होते?

दुपार

ही रिकामी सफर निघाली कशी, तेही सांगतो. जर्मनीतील हँबुर्ग शहरात एक जहाज कंपनी होती. तिचे एक चालक अल्बर्ट बालिन. त्यांची जहाजे उन्हाळ्यात अमेरिकेला माणसे नेत. हिवाळ्यात अटलांटिक समुद्र खवळलेला, उतारू कमी, जहाजे बांधून ठेवावी लागत. बांधलेल्या बैलालाही वैरण लागतेच. तेव्हा त्यांनी 1891 च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ नावाचे जहाज 241 उतारू घेऊन भूमध्य समुद्रात नुसते फिरवून आणले. लोकांनी हसण्यावारी नेले होते, पण सफर यशस्वी झाली. रिकाम्या हंगामात बैलगाडी भाड्याने लावावी तशातलीच ही युक्ती.

दुपारी गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. कोणी पुस्तक वाचत होते, कोणी पोहण्याच्या हौदात होते, कोणी नुसते पाण्याकडे पाहत होते. समुद्र शांत होता. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे पाते असते, ते हेलकावा कमी करते. दादा आणि मी गप्पा मारत बसलो. वहिनी खुर्चीत टेकल्या आणि पाहता पाहता त्यांना झोप लागली. अशी की हात खाली लोंबकळला तरी जाग नाही. चहा आला तेव्हा मी त्यांना उठवायला गेलो. दादाने माझा हात धरला. “राहू दे,” म्हणाला. तो उठला, ऊन त्यांच्या तोंडावर येत होते तिकडे आपली खुर्ची सरकवून बसला. दोन तास तो तिथून हलला नाही.

पाच वाजता वहिनी दचकून उठल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, धार राहिली!” मग समोर समुद्र पाहून त्यांचे त्यांनाच हसू आले. आम्हीही हसलो. दादा मात्र हसला नाही.

विश्रांतीची वही

आमच्या टेबलावर वाढायला रत्नागिरीकडचा एक मुलगा होता. मराठी कानावर पडताच त्याने आम्हांला काका-काकू करून टाकले होते. घरी भातशेती, थोडी कलमे, आई एकटी. आठ-आठ महिने तो समुद्रावर असतो. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तो पाच मिनिटे आमच्यापाशी उभा राहिला. वहिनींनी विचारले, “बाळा, आम्ही बसून राहतो अन् तू दिवसभर राबतोस. तुला विसावा कधी?”

तो म्हणाला, “काकू, आमच्या विश्रांतीची वही असते. रोजचे तास लिहून सही करावी लागते. बंदरात तपासणीला माणसं येतात, ती वही बघतात.”

हे खरे आहे. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी 2006 साली जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही 2015 मध्ये तो मान्य केला. त्यात असे आहे की खलाशाला दर 24 तासांत निदान 10 तास आणि दर सात दिवसांत निदान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. इंजिनाच्या खोलीत आणि सुकाणूवर तर जुनी वहिवाट आहे, चार तास पाळी आणि आठ तास मोकळे. थकलेल्या माणसाच्या हातून जहाज खडकावर जाते, हे समुद्राने माणसाला शिकवले आहे.

दादा हिशेबी माणूस. त्याने विचारले, “आणि आपल्या घरात किती?” आम्ही तिथेच हिशेब केला. वहिनी रात्री साडेदहाला पाठ टेकतात, पहाटे साडेचारला उठतात, म्हणजे सहा तास. दुपारी अर्धा तास. झाले साडेसहा. आठवड्याचे साडेपंचेचाळीस. खलाशाला 77.

वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आमची वही कुणी लिहायची?”

शेतकरी बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आपण बैलाला पोळ्याच्या दिवशी औत लावत नाही. जमिनीला पड देतो, कारण विसावा दिला नाही तर ती पिकत नाही, हे आपल्याला कळते. गाय व्यायच्या आधी दोन महिने आपण तिचे दूध आटवतो. मी स्वतः शेकडो सभांत हे सांगितले आहे. पण घरच्या बाईला वर्षातून एक दिवस तरी पड द्या, हे एकाही सभेत सांगितल्याचे मला आठवत नाही. तो माझाच दोष आहे.

संध्याकाळी सूर्य उजव्या हाताला पाण्यात बुडाला. रात्री आकाशात इतके तारे होते की दादाने गावाकडच्या खळ्यावरच्या रात्रींची आठवण काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या-हिरव्या पाण्यात माडांचे बेट दिसू लागले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

ही सहल महाग आहे आणि कर्ज काढून करण्याची नव्हे. पीककर्जाचा पैसा तर याला लावूच नका. मुलगा-मुलगी हौसेने नेत असतील किंवा चार पैसे खरोखरच शिलकीत असतील तरच जावे. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त असते आणि दिवस तर गच्चीवरच जातो, तेव्हा तीच घ्यावी. ताटातले जेवण तिकिटात असले तरी बाटलीबंद पेये, दुकाने, काही खेळ यांचे पैसे वेगळे पडतात. काय तिकिटात आणि काय नाही, हे चढण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. जुगाराची खोली असते, तिकडे फिरकू नये. ओळखपत्र अस्सल न्यावे. बंदरावर चार तास आधी पोहोचावे. पोटात ढवळत असेल तर जहाजाच्या मधल्या, खालच्या मजल्यावर बसावे किंवा मोकळ्या हवेत दूर क्षितिजाकडे पाहावे. आल्याचा तुकडाही बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. नेहमीची औषधे जवळ ठेवावीत. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. रब्बीची सुगी उरकल्यावरचे दिवस आपल्याला आणि समुद्रालाही सोयीचे.

ज्यांना नुसता समुद्र अनुभवायचा आहे त्यांना एवढा खर्च करण्याचे कारण नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च 2020 मध्ये मोठी रो-रो बोट सुरू झाली, ती तासाभरात पलीकडे नेते. कोकणात दाभोळ-धोपावे यांसारख्या खाड्यांतही अशा बोटी सुरू झाल्या. चार घरच्या बायका मिळून गेल्या तर तोही एक सोहळा होतो.

ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी

खरे म्हणजे मला सर्वांत जास्त यांच्याशीच बोलायचे आहे. त्या दिवशी वहिनींना जे मिळाले ते समुद्रामुळे मिळाले नाही. तिथे त्यांच्यावाचून कुणाचे अडत नव्हते, म्हणून मिळाले. तशी सोय घरी करता येते. ती आपोआप होत नाही, पेरणीसारखी ठरवावी लागते.

पहिले म्हणजे दिवस आधी ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. दुसरे, शेजाऱ्याशी सावड करा. गोठ्यातले काम परक्या हाताला द्यायचे तर त्या हाताची जनावरांना चार-पाच दिवस आधीपासून ओळख होऊ द्या. वैरण आणि आंबोण नेहमीचेच ठेवा, त्यात अचानक बदल करू नका, नाही तर जनावराचे पोट बिघडते. भिंतीवर सगळे लिहून ठेवा. तिसरे, त्या दिवशीची भाकरी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी करावी. वाकडी झाली तरी पोटात सरळच जाते. आणि चौथे, त्या दिवशी तिला काही विचारू नये. मीठ कुठे आहे, हेसुद्धा नाही.

आम्ही परत आलो तेव्हा गाई ठीक होत्या. चार दिवसांत दोन्ही मिळून रोजचे अर्धा लिटर दूध कमी भरले होते, ते पुढच्या आठवड्यात भरून आले. मे महिन्यात शेजारच्या काकू पंढरपूरला आणि तिथून लेकीकडे चार दिवस गेल्या. वहिनींनी ठरल्याप्रमाणे त्यांच्या म्हशी सांभाळल्या.

परवा मी गावी गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एका अमावास्येला दादाने पेन्सिलीने गोल केला आहे. अमावास्येला तसेही आमच्याकडे औत धरत नाहीत. त्या दिवशी सकाळची धार दादा काढतो आणि वहिनी साडेचारला उठत नाहीत. निदान उठायचे नाही, असे ठरले आहे. वहिनी म्हणाल्या, जाग येतेच, पण पडून राहते.

तुमच्या घरी कॅलेंडर कुठे टांगले आहे? हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एकदा तिकडे जाऊन या.